गोलकीपरचा पेशा



वसंत व्याख्यानमालेच्या पत्रिकेत ज्ञानेश्वरी, अर्थसंकल्प, हृदयविकार अशा भारदस्त विषयांच्या पंगतीत 'गोलकीपरचा पेशा' हे शब्द पाहून आपल्यापैकी काहींनी चष्मा पुसून पुन्हा वाचले असेल. न्यायमूर्ती रानड्यांनी १८७५ साली पुण्यात या उन्हाळी व्याख्यानांचा पाया घातला, तेव्हा त्यांच्या मनात फुटबॉलचा चेंडू नक्कीच नव्हता. तथापि लोकांनी आपल्या जगण्याचा विचार एकत्र बसून करावा, हा जर त्या प्रथेचा हेतू असेल, तर आजचा विषय त्यात बसतो असे आम्हांस वाटते. कारण आम्ही आज सामन्यांची वर्णने करावयास उभे राहिलेलो नाही. एका माणसाच्या पोटापाण्याविषयी बोलावयास आम्ही आलो आहोत.

आणि तेही करी रोडला. ज्या वस्तीचा दिवस पिढ्यान्‌पिढ्या गिरणीच्या भोंग्याने उगवला, त्या वस्तीला पेशा म्हणजे काय, पाळी म्हणजे काय आणि काम जाणे म्हणजे काय, हे बाहेरच्याने येऊन शिकवण्याची गरज नाही. उलट गोलकीपरचे आयुष्य समजावून घ्यायचे तर त्याच्या खुणा याच वस्तीत सापडतात. आमचे म्हणणे थोडक्यात असे आहे : गोलकीपर हा मैदानावरचा असा कामगार आहे की ज्याला जागा एकच असते, वाट पाहणे फार असते आणि दोष मात्र पदरचा असतो. अशा माणसाला जगवायचे तर केवळ टाळ्या पुरत नाहीत. पूर्वीच्या मुंबईने त्याला नोकरी देऊन जगवले. आजची मुंबई त्याला करार देते. या दोहोंत काय मिळाले आणि काय हरवले, याचा हिशेब आज मांडावयाचा आहे.

प्रथम त्याचे काम काय ते पाहू. गोलाचे तोंड चोवीस फूट रुंद आणि आठ फूट उंच असते. म्हणजे एकशे ब्याण्णव चौरस फूट. आपल्या शेजारच्या ना. म. जोशी मार्गावर, ज्याला अजूनही पुष्कळजण डिलाइल रोड म्हणतात, तेथल्या बीडीडी चाळीतली जुनी खोली एकशे साठ चौरस फुटांची होती. म्हणजे ज्या जागेत आठ-दहा माणसांचा संसार मावत असे, त्याहून मोठी उघडी भिंत एका माणसाने दोन हातांनी राखावयाची. पेनल्टीचा ठिपका गोलरेषेपासून छत्तीस फुटांवर असतो. ताशी शंभर किलोमीटर वेगाने मारलेला चेंडू हे अंतर सुमारे चार दशांश सेकंदात कापतो. डोळ्यांनी पाहून अंग हालू लागेपर्यंतच त्यातला निम्मा वेळ सरतो. उरलेल्या वेळात बारा फूट अंतर कसे तोडावे? ते तोडता येत नाही, म्हणूनच त्याला आधीच अंदाज बांधावा लागतो.

परंतु ही झाली तमाशाची बाजू. गोलकीपरच्या कामाचा खरा भाग प्रेक्षकांना दिसत नाही. नव्वद मिनिटांत त्याच्याकडे येणारे अवघड फटके बोटांवर मोजण्याइतके असतात. उरलेला वेळ तो काय करतो? तो चालत असतो. चेंडू जिकडे जाईल त्याप्रमाणे दोन पावले डावीकडे, तीन पावले पुढे अशी त्याची अखंड सरकासरक चालू असते. कोनात योग्य ठिकाणी उभा राहिलेला गोलकीपर पाहिला की फॉरवर्डला गोल लहान दिसू लागतो आणि त्याचा फटका बाहेर जातो. त्या बाहेर गेलेल्या फटक्याचे श्रेय गोलकीपरला कोणी देत नाही. शिवाय सारे मैदान ज्याला समोर दिसते असा संघातला तो एकच गडी. म्हणून ओरडून बचाव लावण्याचे कामही त्याचेच. आपल्या हुतुतूतला कोपऱ्यावरचा गडी जसा चढाई करणाऱ्याच्या पायांवर नजर ठेवून शेवटच्या क्षणी घोट्यावर झेप घेतो, तशी ही झेप असते. पण तिच्यामागे तासभराचे पाहणे असते.

या कामाचे नियमही सारखे बदलत आले. १८७१ साली इंग्लंडमधल्या नियमांत हाताने चेंडू अडवण्याची मुभा असलेला गडी म्हणून गोलकीपरचा प्रथम उल्लेख आला. १९१२ पर्यंत तो आपल्या अर्ध्या मैदानात कोठेही चेंडू हाती घेऊ शके. त्या वर्षी त्याला पेनल्टीच्या चौकटीत कोंडण्यात आले. १९९२ साली सोबत्याने मुद्दाम पायाने मागे दिलेला चेंडू हातात घेण्याची बंदी झाली आणि ज्याने आयुष्यभर हात कमावले त्याला पायही कमवावे लागले. २०२५ पासून तर त्याने चेंडू आठ सेकंदांहून अधिक हातात धरला की विरुद्ध पक्षाला कॉर्नर मिळतो. गिरणीत नवे साचे आले की जुन्या विणकराला नव्याने शिकावे लागे. तसेच येथेही घडले, आणि ज्यांना जमले नाही ते बाजूला पडले.

आता दोषाकडे वळू. फॉरवर्डने पाच संधी घालवून सहाव्या वेळी गोल केला तर त्याची मिरवणूक निघते. गोलकीपरने पाच वेळा वाचवून सहाव्या वेळी चेंडू निसटू दिला तर घरी जाताना लोक त्या सहाव्याविषयीच बोलतात. १६ जुलै १९५० रोजी ब्राझीलच्या माराकाना मैदानावर जागतिक करंडकाचा निर्णायक सामना झाला. ब्राझीलला बरोबरीही पुरेशी होती. पण उरुग्वेच्या घिज्जियाने जवळच्या खांबाच्या बाजूने चेंडू आत घातला आणि उरुग्वे २-१ असा जिंकला. ब्राझीलचा गोलकीपर मोआसिर बार्बोसा हा त्या काळच्या उत्तम गोलकीपरांपैकी एक होता. तो २००० साली वारला. परंतु मधल्या पन्नास वर्षांत लोकांनी त्याला तो एक गोल विसरू दिला नाही. त्या दिवशी ब्राझीलचे अकरा गडी हरले होते, शिक्षा मात्र एकाने भोगली.

हा दोषाचा धाक गोलकीपरच्या बुद्धीवरही कसा परिणाम करतो, याचा एक शोध इस्रायलमधल्या अभ्यासकांनी २००७ साली प्रसिद्ध केला. त्यांनी वरच्या दर्जाच्या सामन्यांतल्या २८६ पेनल्टी तपासल्या. सुमारे एकोणतीस टक्के फटके गोलाच्या मध्यभागी आले होते. पण गोलकीपर मध्यभागी उभा राहिला तो केवळ सहा टक्के वेळा. बाकी प्रत्येक वेळी त्याने डावी-उजवीकडे उडी घेतली. असे का? उडी मारून गोल झाला तर लोक म्हणतात, 'बिचाऱ्याने शर्थ केली.' उभा राहून गोल झाला तर म्हणतात, 'खांबासारखा उभा राहिला!' म्हणजे शहाणपणाने उभे राहणे ज्याला परवडत नाही असा हा माणूस आहे. कचेरीत काम करणाऱ्या कित्येकांना हे ओळखीचे वाटेल. साहेबासमोर धावपळ करणारा कामसू ठरतो, आणि विचार करीत बसलेला आळशी ठरतो.

परंतु गोलकीपरच्या पेशातली सर्वांत अवघड गोष्ट दोष ही नव्हे. ती आहे जागा. संघात फॉरवर्ड दोन-तीन असतात, बचावाला चार असतात. एकाची जागा गेली तर तो दुसरीकडे सरकून खेळू शकतो. गोलकीपरला सरकायला जागाच नाही. गोल एक, माणूस एक. दुसरा कितीही चांगला असो, त्याने बाकावर बसावयाचे. येथे आम्हांस आपल्या गिरण्यांतल्या बदली कामगाराची आठवण होते. बदलीवाला रोज पाळीच्या वेळी दारात हजर राही. कायम कामगार आला नाही तर त्याला काम मिळे, आला तर तो तसाच घरी परते. दुसऱ्याच्या गैरहजेरीवर त्याची भाकरी अवलंबून असे. त्याच्या मनात कायम कामगाराविषयी वाईट नसे. पण त्याचे हित आणि त्या कामगाराचे दुखणे यांची गाठ व्यवस्थेनेच बांधलेली असे. राखीव गोलकीपरची स्थिती हुबेहूब तीच आहे. आणि तरीही त्याने रोज सराव करावयाचा, पहिल्या गोलकीपरला फटके मारून त्याची तयारी करून द्यावयाची, आणि अचानक हाक आली तर थंड अंगाने गोलाखाली जाऊन उभे राहावयाचे.

भारताच्या इतिहासातच याचे उदाहरण आहे. १९६२ साली जकार्ता येथील आशियाई स्पर्धेत भारताने दक्षिण कोरियाला २-१ असे हरवून सुवर्णपदक मिळवले. त्या अंतिम सामन्यात गोलाखाली होते पीटर थंगराज, सहा फुटांवर उंची असलेला तो धिप्पाड लष्करी गडी. पण उपांत्य सामना राखला होता प्रद्योत बर्मन यांनी. सुवर्णपदकाच्या कथेत थंगराज सर्वांच्या ओठांवर आहेत. ज्या पुलावरून तेथवर जाता आले त्या बर्मनांचे नाव सांगावे लागते. रशियाच्या लेव्ह याशिनचीही सुरुवात अशीच झाली. युद्धकाळात पोरवयातच तो कारखान्यात कामाला लागला, कारखान्याच्या संघात खेळला आणि तेथून डायनॅमो मॉस्कोकडे गेला. तेथे होमिच नावाचा गाजलेला गोलकीपर आधीच होता. याशिन वर्षानुवर्षे बदलीवर राहिला. त्या काळात त्याने बर्फावरच्या हॉकीतही गोल राखला आणि १९५३ साली संघाबरोबर तिचा करंडकही जिंकला. हाच बदलीवाला १९६३ साली युरोपचा सर्वोत्तम खेळाडू ठरला. तो मान मिळालेला दुसरा गोलकीपर अजून झालेला नाही.

आता घरचे उदाहरण घेऊ. त्यासाठी लांब जावे लागत नाही. करी रोडला गाडीत बसा. परळ, दादर आणि तिसरे स्टेशन माटुंगा. या माटुंग्यात शंकर सुब्रह्मण्यम नारायण नावाचा मुलगा वाढला. जन्म १९३४ सालचा, घराणे मूळचे केरळातल्या पालघाटाकडचे. मित्रमंडळींत 'बाबू' या नावाने ओळखला जाणारा हा मुलगा माटुंग्याच्या मंडळांतून खेळू लागला. तो बास्केटबॉलही खेळे आणि त्यातही महाराष्ट्राचा प्रतिनिधी झाला. उंचावरचा चेंडू गर्दीत झेलण्याची बास्केटबॉलमधली सवय गोलकीपरला किती उपयोगी पडते, हे सांगावयास नको.

हा मुलगा बाविसाव्या वर्षी मेलबर्नच्या ऑलिंपिकला गेला. १९५६ साल. त्या स्पर्धेचे महत्त्व कळण्यासाठी चार वर्षे मागे जावे लागेल. १९५२ साली हेलसिंकीला युगोस्लाव्हियाने भारताला १०-१ असे हरवले होते. आपले बरेच गडी तेव्हा अनवाणी खेळत. त्या पराभवानंतर बूट सक्तीचे झाले, आणि हैदराबादच्या सय्यद अब्दुल रहीम यांनी संघाला नवे वळण दिले. मेलबर्नला भारताने ऑस्ट्रेलियाला ४-२ असे हरवले. मुंबईच्या नेव्हिल डिसूझा यांनी त्यात तीन गोल केले. ऑलिंपिकमध्ये असा पराक्रम करणारे ते पहिले आशियाई. उपांत्य सामन्यात पुन्हा युगोस्लाव्हिया समोर आला. पहिला गोल भारताचा, तोही नेव्हिल यांचाच. पुढे सामना ४-१ असा गेला खरा. पण दहा गोलांवरून चारांवर येणे ही चार वर्षांतली प्रगती लहान नव्हती. तिसऱ्या जागेसाठी बल्गेरियाकडून हार झाली आणि भारत चौथा आला. त्याच स्पर्धेत अंतिम सामन्यात युगोस्लाव्हियाला हरवून रशियाने सुवर्णपदक घेतले, तेव्हा त्यांच्या गोलाखाली याशिन होता.

त्या भारतीय संघात गोलकीपर दोन होते : थंगराज आणि नारायण. १९६० साली रोमलाही तेच दोघे. विचार करा, आशियातल्या सर्वोत्तम गोलकीपरांत ज्याची गणना झाली तो थंगराज, आणि नारायण यांचे दिवस तेच. दुसऱ्या कोणत्याही जागेवर असते तर दोघेही नेहमी एकत्र खेळते. गोलकीपर असल्यामुळे एकाने खेळावयाचे आणि एकाने तयार राहावयाचे. तरीही दोन ऑलिंपिकला जाण्याइतकी तयारी नारायण यांनी टिकवली. ती त्यांनी कशाच्या बळावर टिकवली?

त्याचे उत्तर मुंबईच्या त्या काळच्या व्यवस्थेत आहे. नारायण टाटांच्या आणि कॅल्टेक्स या तेलकंपनीच्या संघांतून खेळले. या कॅल्टेक्सने १९५८ साली कूपरेजवर रोव्हर्स करंडक जिंकला. रोव्हर्स ही १८९१ साली सुरू झालेली स्पर्धा. कलकत्त्याचे मातबर संघ ती जिंकण्यासाठी मुंबईला येत. त्यांच्या नाकावर टिच्चून एका कंपनीच्या नोकरवर्गाने करंडक घेतला, याचे मुंबईला अप्रूप वाटावे हे साहजिकच होते. पुढे मफतलाल आणि ऑर्के या गिरणीमालकांच्या नावांचे संघ गाजले. महिंद्र, एअर इंडिया, रेल्वे, पोलीस, बँका यांचेही संघ उभे राहिले. खेळाडूला कंपनीत नोकरी मिळे. सकाळी सराव, मग कचेरीची सही, सामन्याच्या दिवशी लवकर सुटी. पगार कारकुनाचा; पण पहिल्या तारखेला हमखास. राखीव गोलकीपरचा पगारही पहिल्या गोलकीपरइतकाच. बाकावर बसला म्हणून चूल थंड पडत नसे. गुडघा गेला तर खेळ जाई, नोकरी राही. पस्तिशीत बूट खुंटीला टांगले तरी अठ्ठावन्नाव्या वर्षापर्यंत टेबल होते आणि पुढे भविष्यनिर्वाह निधी होता.

गोव्यात हेच काम खाणमालकांच्या संघांनी केले. ताळगावचे ब्रह्मानंद शंखवाळकर हे भारताचे कर्णधार आणि आपल्या देशाच्या थोर गोलकीपरांपैकी एक. त्यांचा जन्म १९५४ चा. १९७४-७५ च्या हंगामापासून सुमारे सतरा हंगाम ते साळगावकर संघाकडून खेळले. गोलकीपर उशिरा पिकतो आणि उशिरापर्यंत टिकतो. इटलीच्या डिनो झॉफने १९८२ साली चाळिसाव्या वर्षी कर्णधार म्हणून जागतिक करंडक उचलला, हे आपणांस ठाऊक असेल. असे पिकण्यासाठी मागे स्थिर घर लागते. शंखवाळकरांना ते मिळाले. १९९७ सालचा अर्जुन पुरस्कार आणि २०२२ साली पद्मश्री हे मान त्यांच्याकडे चालत आले.

तथापि जुने ते सारे सोने, असे म्हणण्यास आम्ही उभे नाही. त्या व्यवस्थेतही खोट होती. सकाळचा सराव आणि दुपारची कचेरी यांत खेळ अर्धवट राही. गोलकीपरला शिकवणारा वेगळा शिक्षक क्वचितच असे. जुना गोलकीपर चार गोष्टी सांगेल तेवढेच शिक्षण. खेळाडूची भरती साहेबाच्या मर्जीवर असे. आणि मुख्य म्हणजे सारा डोलारा मालकाच्या हौसेवर उभा होता. हौस फिटली की संघ बंद. १८ जानेवारी १९८२ रोजी गिरण्यांचा संप सुरू झाला आणि सुमारे अडीच लाख कामगार बाहेर पडले. पुढे काय झाले ते करी रोडला सांगण्याचा अधिकार आम्हांस नाही. ज्या व्यवस्थेत कामगाराचीच जागा उरली नाही तेथे खेळाडूची जागा कोठून उरणार? कॅल्टेक्सचे राष्ट्रीयीकरण १९७६ च्या अखेरीस झाले आणि ते नाव हिंदुस्थान पेट्रोलियममध्ये विरून गेले. रोव्हर्स करंडक एकविसाव्या शतकाच्या तोंडाशी बंद पडला. महिंद्रचा संघ २००५-०६ साली राष्ट्रीय विजेता झाला होता. २०१० साली मालकांनी तो मिटवला.

त्या जागी आता खरा व्यावसायिक फुटबॉल आला आहे. १९९६ साली राष्ट्रीय लीग सुरू झाली, २००७ साली तिचे रूप पालटले, आणि २०१४ साली इंडियन सुपर लीग निघाली. मुंबई सिटी हा संघ त्याच वर्षीचा. या काळात गोलकीपरला पुष्कळ मिळाले. त्याच्यासाठी वेगळा शिक्षक आला, आहारतज्ज्ञ आला, प्रत्येक फटक्याचे चित्रीकरण पाहून अभ्यास करण्याची सोय झाली. कंपनीतला कारकून ज्याची कल्पनाही करू शकला नसता अशी रक्कम चांगल्या गोलकीपरला मिळू लागली. ही प्रगती नाकारणे अन्यायाचे होईल.

पण कराराला अखेर तारीख असते. २०२०-२१ च्या हंगामात मुंबई सिटीने लीगचे पहिले स्थान आणि करंडक ही दोन्ही पटकावली. त्या संघाचा कर्णधार गोलकीपरच होता : पंजाबचा अमरिंदर सिंग. त्याच वर्षी तो कलकत्त्याच्या संघाकडे गेला. यात त्याचा दोष नाही आणि संघाचाही नाही. धंद्याची रीतच ती आहे. पहिल्या गोलकीपरला दुसरा संघ मिळतो. पण दुसऱ्या आणि तिसऱ्या गोलकीपरचे काय? तीन-चार हंगामांत मोजके सामने खेळलेला, अठ्ठावीस वर्षांचा, शिक्षण अर्धवट सोडलेला तरुण करार संपल्यावर कोणाच्या दारात उभा राहील? गिरणीच्या बदलीवाल्याला निदान बदलीचे कार्ड होते. याच्या हाती काय आहे?

बंधूंनो, हा प्रश्न दूरचा नाही. आपल्या गल्लीतल्या एखाद्या मुलाने उद्या घरी येऊन सांगितले की, 'बाबा, मला गोलकीपर व्हायचे आहे,' तर बापाने काय उत्तर द्यावे? 'खेळून का पोट भरते?' हे जुने उत्तर आज खोटे ठरले आहे. काहींचे भरते, उत्तम भरते. 'जा, नशीब काढ' हे नवे उत्तरही अर्धेच खरे आहे. आमच्या मते त्या बापाला खरे उत्तर देता यावे यासाठी वस्तीने तीन गोष्टी केल्या पाहिजेत.

पहिली गोष्ट मैदान. हे सर्वांना सांगतात तसे आम्ही सांगत नाही. गोलकीपरच्या बाबतीत त्याचे खास कारण आहे. गल्लीत फॉरवर्ड तयार होतो. दोन हातगाड्यांमधून चेंडू काढता काढता तो पाय कमावतो. पण गल्लीत गोलकीपर तयार होत नाही, कारण फरशीवर आणि डांबरावर कोणी झेप घेत नाही. ज्याने लहानपणी मऊ मातीत हजार वेळा अंग टाकले नाही, त्याच्या अंगातून पडण्याची भीती जात नाही. १९९१ च्या नियमाने गिरण्यांच्या जमिनीचे तीन वाटे ठरले होते : एक मोकळ्या जागेसाठी महापालिकेला, एक घरांसाठी म्हाडाला, एक मालकाला. २००१ साली नियम असा फिरला की वाटणी फक्त आधीपासून मोकळ्या असलेल्या जमिनीची झाली, आणि २००६ साली सर्वोच्च न्यायालयाने तो बदल कायम केला. करी रोडच्या पुलावर उभे राहून पाहिले की मनोरे मोजताना मान दुखते. मैदाने मोजायला एका हाताची बोटे उरतात. जी उरली आहेत त्यांवर मंडप, मोटारी आणि फरशा येऊ न देणे, हे पहिले काम.

दुसरी गोष्ट शिक्षण. खेळासाठी शाळा सोडणे हे शूरपणाचे लक्षण मानण्याची पद्धत पडत चालली आहे. ती गोलकीपरला सर्वांत महाग पडते, कारण त्याला वाट पाहावी लागते आणि वाट पाहण्याची वर्षे रिकामी असतात. भारताच्या मुलींच्या संघाची माजी गोलकीपर अदिती चौहान इंग्लंडला लाफबरो विद्यापीठात क्रीडाव्यवस्थापन शिकली, आणि २०१५ साली लंडनच्या वेस्ट हॅम संघातून खेळली. पदवी आणि गोल या दोहोंची राखण एकाच वेळी करता येते, हे तिने दाखवले. जुन्या काळी कंपनीचे टेबल जे काम करी, ते आज पदवीने किंवा हातच्या कसबाने केले पाहिजे. वस्तीतल्या मंडळांनी खेळाडूला शाल-श्रीफळ जरूर द्यावे. पण त्याबरोबर त्याची कॉलेजची फी भरली तर ते अधिक उपयोगाचे होईल.

तिसरी गोष्ट आपल्या मनाची आहे, आणि ती कदाचित सर्वांत अवघड आहे. आपण विजयी फटका मारणाऱ्याचे नाव मुलाच्या वहीवर चिकटवतो. राखणाऱ्याचे नाव आपल्या ध्यानात राहत नाही, आणि राखीव राहिलेल्याचे तर कानावरही येत नाही. ५ ऑगस्ट २०२१ रोजी ठाण्यास शंकर नारायण वारले, शहाऐंशी वर्षांचे होऊन. दोन ऑलिंपिक पाहिलेला माणूस आपल्याच लोकलच्या मार्गावर राहत होता, हे किती जणांना ठाऊक होते? मोठा समारंभ करावा असे आमचे म्हणणे नाही. पण आपल्या शाळांत, व्यायामशाळांत त्यांचे नाव घेतले जावे. त्यामुळे नारायण यांचे काही वाढणार नाही. पण आज जो मुलगा बाकावर बसून आपली पाळी येण्याची वाट पाहतो आहे, त्याला कळेल की वाट पाहणे हेही काम आहे, आणि या कामालाही मान आहे.

गिरणगावाने या देशाला कापड दिले, चळवळी दिल्या, शाहीर दिले. येथील माणसाने शेवटच्या पाळीपर्यंत उभे राहण्याची सवय अंगी बाणवली होती. तीच सवय गोलकीपरच्या पेशाचे भांडवल आहे. ती ज्या मुलांच्या रक्तात आहे त्यांना पडण्यासाठी थोडी मऊ माती, बसण्यासाठी शाळेतला बाक आणि थांबण्यासाठी थोडा धीर एवढे जरी आपण देऊ शकलो, तरी पुढच्या पिढीतल्या बापाला आपल्या मुलाला 'हो' म्हणताना भीती वाटणार नाही.